पॉवर स्टिअरिंगचें कण्हणें व त्याचें निदान

थेरगांवच्या कोणत्याही वस्तींत सायंकाळीं सात-आठच्या सुमारास घटकाभर उभें राहिलें, तर एक विशिष्ट आवाज कानीं पडतो. चाकण, भोसरी, हिंजवडी येथून कामावरून परतलेली मंडळी आपापल्या गाड्या दोन इमारतींमधील चिंचोळ्या जागेंत घालूं लागतात. स्टिअरिंग एका टोंकापर्यंत फिरवावें, गाडी हातभर मागें घ्यावी, पुन्हां दुसऱ्या टोंकापर्यंत फिरवावें, असें चार-पांच वेळां होतें. आणि प्रत्येक खेपेस एखाद्या गाडीच्या बॉनेटखालून दुखणाईत मनुष्य कण्हावा तसा स्वर निघतो. मालक कांच वर करतो, म्हणजे तो स्वर ऐकूं येईनासा होतो. हा उपाय फुकटचा असल्यामुळें फार लोकप्रिय आहे. पुढें दोन-चार महिन्यांनीं स्टिअरिंग जड होऊं लागलें कीं गाडी गॅरेजांत जाते, तेथें 'पंप गेला' असा निवाडा मिळतो, आणि कित्येक हजार रुपये खर्चून दुसरा पंप बसविला जातो. कांहीं दिवसांनीं तोही कण्हूं लागतो.

असें कां व्हावें? आमच्या मतें याचें कारण असें कीं, आवाज जेथून निघतो तेथेंच दोष असला पाहिजे, हें आपण गृहीत धरून चालतों. पॉवर स्टिअरिंगच्या बाबतींत हें गृहीत पुष्कळदां चुकीचें ठरतें. पंपास तेल नीट पोंचलें नाहीं, किंवा तेलाबरोबर हवा पोंचली, तर तो ओरडतो. त्याला काढून टाकण्यापूर्वीं तो कशासाठीं ओरडतो हें पाहावयास हवें. तें पाहण्यास महागडीं उपकरणें लागत नाहींत. वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतून जेवढें माहीत झालें आहे, तेवढें शास्त्र यास पुरतें.

प्रथम आपली गाडी कोणत्या जातीची आहे हें ठरवावें. तेलाच्या दाबानें गाडी वळविण्याची युक्ति फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनियरानें १९२६ च्या सुमारास प्रत्यक्ष गाडीवर बसवून दाखविली. परंतु विक्रीच्या मोटारींत ती १९५१ सालीं क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल गाडीबरोबर आली. आपल्याकडे तर ॲम्बॅसडर व पद्मिनी यांच्या चालकांनीं दंडाच्या बळावरच आयुष्यें काढलीं. पुढें १९९४ सालीं सुमो आणि १९९८ सालीं इंडिका आमच्या शेजारच्या पिंपरीच्या कारखान्यांतून बाहेर पडली, व त्या दशकांत पॉवर स्टिअरिंग हा शब्द सामान्य गिऱ्हाइकाच्या तोंडीं बसूं लागला. तेलाचीं स्टिअरिंगें आपल्याच पुणें जिल्ह्यांत, शिरूर तालुक्यांतील वढू बुद्रुक येथें, झेड.एफ. स्टिअरिंग गिअर या कारखान्यांत तयार होत आलीं आहेत.

दुसरी जात विजेची. १९८८ सालीं जपानांत सुझुकीच्या सेर्व्हो नांवाच्या लहान गाडींत स्टिअरिंगच्या दांड्यास विजेची मोटर जोडण्यांत आली, आणि आज बाजारांत येणाऱ्या बहुतेक नव्या लहान गाड्या याच जातीच्या असतात. तिच्यांत तेल नाहीं, पंप नाहीं, पट्टाही नाहीं. तेव्हां अशा गाडीच्या मालकास कोणी स्टिअरिंगमध्यें तेल घालण्याचा सल्ला दिला, तर त्यानें नम्रपणें गाडी पुढें न्यावी. तिचा खडखडाट बहुधा मोटरच्या दांत्यांच्या झिजेचा किंवा दांड्याच्या सांध्याचा असतो, व तें काम जाणत्या मनुष्याकडेच द्यावें. बॉनेट उघडून स्टिअरिंगचें चित्र असलेलें झांकण कोठें दिसतें का तें पाहावें, म्हणजे जात समजते. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेंतही तें लिहिलेलें असतें. कांहीं गाड्यांत तेलाचा पंप पट्ट्याऐवजीं विजेच्या मोटरीवर चालतो. त्यांस पुढील विवेचनांतील पट्ट्याचा भाग सोडून बाकीचें बहुतेक लागू पडतें.

आतां तेलाच्या स्टिअरिंगची रचना पाहूं. बॉनेटखालीं तेलाची एक लहान टाकी असते. तिच्यांतून एक रुंद, मऊ नळी पंपाकडे जाते. तिला आपण शोषनळी म्हणूं. पंप इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. त्याच्या लंबवर्तुळाकार पोकळींत एक चाकी फिरते, आणि चाकीच्या खांचांतून पातळ पातीं आंतबाहेर सरकत तेल पुढें ढकलतात. पंपांतून निघालेली जाड दाबनळी हें तेल खालीं स्टिअरिंगच्या रॅकपर्यंत नेते, व परतनळी तें पुन्हां टाकींत आणून सोडते. रॅकपाशीं एक झडप आहे, आणि त्या झडपेंत पीळ खाणारी एक बारीक पोलादी सळई आहे. चालकानें स्टिअरिंग फिरविलें कीं रस्त्यावर टेकलेले टायर विरोध करतात. त्या विरोधानें सळईस अल्पसा पीळ पडतो, त्या प्रमाणांत झडपेच्या वाटा उघडतात, आणि तेल दट्ट्याच्या एका बाजूस शिरून रॅकला त्या दिशेनें रेटतें. हात थांबला कीं पीळ उतरतो व मदतही थांबते. अशी ही साधी पण मोठी चतुर योजना आहे.

ही मदत किती, याचा हिशेब पास्कालच्या नियमानें करतां येतो. दट्ट्याचें क्षेत्रफळ ८ चौरस सेंटिमीटर धरलें, आणि तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ८० किलोग्रॅम धरला, तर रॅकवरील जोर ६४० किलोग्रॅम भरतो. उभ्या गाडीचीं चाकें जाग्यावर फिरवितांना अशाच जातीचे आंकडे गांठले जातात. गाडी सरळ रस्त्यानें चालली असतां दाब याच्या अगदीं थोड्या अंशावर असतो. म्हणूनच कण्हणें गल्लींत ऐकूं येतें, महामार्गावर सहसा नाहीं. स्टिअरिंग टोंकास नेऊन तेथेंच धरून ठेवलें, तर दट्ट्यास पुढें सरकावयास जागा उरत नाहीं. दाब कमालीस पोंचतो, आणि सुटकेची झडप उघडून तेल मागें वळतें. त्या वेळीं जो सुस्कारा ऐकूं येतो तो दोष नव्हे. मात्र तसें पांच सेकंदांहून अधिक धरून बसूं नये. तेवढ्यांत तेल झपाट्यानें तापतें, आणि तापलेलें तेल रबरी सीलांस खातें.

निदानाची सुरुवात इंजिन बंद ठेवून करावी. किल्ली फिरवून स्टिअरिंगचें कुलूप सोडवावें व तें थोडें डावी-उजवीकडे हलवावें. अशा स्थितींतही ठक्-ठक् असा आवाज येत असेल, तर तो तेलाचा विषय नव्हे; टाय-रॉडचा बॉल, दांड्याचा सांधा, रॅकचा बुश, यांपैकीं कांहींतरी सैल झालें आहे. एकानें आंत बसून हलवावें, व दुसऱ्यानें बाहेरून एकेका सांध्यावर बोट ठेवावें. सैल सांधा बोटास धक्का देतो. हा ठोका कण्हण्यापेक्षां अधिक गंभीर समजावा, कारण बॉल निखळला तर चाक चालकाच्या ताब्यांत राहत नाहीं.

इंजिन सुरू करतांच, विशेषतः पावसाळी सकाळीं, किंवा स्टिअरिंग टोंकास जातांच जर कर्कश किंचाळी उठत असेल, तर पट्ट्याकडे पाहावें. त्याची परीक्षा सोपी आहे. इंजिन चालू असतां पट्ट्याच्या खांचांच्या बाजूवर लांबून बाटलीनें थोडें पाणी शिंपडावें. किंचाळी क्षणभर थांबून पुन्हां सुरू झाली, तर पुल्या एका रेषेंत नाहींत. उलट ती वाढली, तर पट्टा सैल आहे किंवा त्यास चकाकी आली आहे. सैल पट्टा ताणावा, चकाकलेला बदलावा. बाजारांत मिळणारा चिकट फवारा मारून आवाज बंद करण्याची युक्ति आम्हांस पसंत नाहीं. त्यावर धूळ बसते व पट्टा लौकर मरतो. चालत्या पट्ट्याजवळ बोटें, ओढणी, सैल बाही अथवा हातांतील कडें कदापि नेऊं नये. इंजिन बंद करून, पट्टा उतरवून, एकेक पुली हातानें फिरवून पाहिली, तर बेअरिंगची खरखरही तेव्हांच कळते.

आतां कण्हण्याकडे वळूं. हा स्वर इंजिनाच्या वेगाबरोबर चढतो, आणि स्टिअरिंग फिरवितांना अधिक दाटतो. टाकीचें झांकण उघडून दोन गोष्टी पाहाव्या: तेल किती आहे, आणि तें कसें दिसतें. तेल कमी असेल तर तें कोठें गेलें हा प्रश्न उभा राहतो. इंजिनांतील तेल थोडें जळतें, परंतु स्टिअरिंगमधील तेलास जळावयास जागाच नाहीं. तें कमी झालें म्हणजे गळलेंच. रात्रीं गाडीखालीं जुना पुठ्ठा अंथरावा, व सकाळीं डाग कोठें पडला तें पाहावें. रॅकच्या दोन्ही टोंकांस रबरी भाते असतात. ते हातानें दाबून पाहावे. आंत तेल डचमळलें तर रॅकचें सील गेलें आहे, व तें गळणें पुठ्ठ्यावर बरेच दिवस दिसत नाहीं. दर पंधरवड्यास टाकी भरून घेणारे पुष्कळ मालक आमच्या माहितींत आहेत. त्यांच्या वर्षभराच्या तेलाची किंमत एका चांगल्या नळीपेक्षां फारशी कमी नसते.

तेल पुरेसें आहे, पण तें दुधाळ व फेसाळ दिसतें, असें असेल तर तेलांत हवा शिरली आहे. हवेचे बुडबुडे पंपाच्या कमी दाबाच्या बाजूस फुगतात आणि जास्त दाबाच्या बाजूस जातांच चिरडले जातात. तेल शोषतांना फार ओढ पडली तर तेलांतच पोकळ्या उत्पन्न होतात, आणि त्याही अशाच कोसळतात. हें कोसळणें इतकें जोराचें असतें कीं, त्याच्या माऱ्यानें पोलादास खड्डे पडतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांची डेअरिंग नांवाची वेगवान विनाशिका अपेक्षित वेग धरीना. तिचे पंखे पाण्यांत अशाच पोकळ्या करीत आहेत असें तेव्हां आढळून आलें, आणि १९१७ सालीं लॉर्ड रॅले यांनीं पोकळी कोसळतांना किती दाब उत्पन्न होतो याचें गणित मांडलें. जी गोष्ट युद्धनौकेच्या पंख्यास झाली तीच आपल्या मुठीएवढ्या पंपास होते. कण्हणें म्हणजे अशा असंख्य लहान घणांचा एकत्रित नाद होय, आणि तो कांच वर करून ऐकूं न आला तरी घण पडतच असतात.

मग हवा शिरते कोठून? येथेंच बहुतेकांची फसगत होते. दाबनळीस भोक पडलें तर तेल बाहेर उडतें, सर्वांस दिसतें. शोषनळीची गोष्ट उलट आहे. तींत दाब नसून ओढ आहे. तिचा सांधा किंचित् सैल असला, तर तेल बाहेर येत नाहीं, हवा आंत जाते. खालीं जमीन कोरडी, टाकी भरलेली, आणि पंप मात्र ओरडतो आहे, असें चित्र दिसतें.

असेंच एक प्रकरण थेरगांवांत आमच्या पाहण्यांत आलें. तेथील एक गृहस्थ आपल्या जुन्या डिझेल गाडींतून चाकणच्या कामगारांची पाळीप्रमाणें नेआण करीत. गाडी एक दिवस उभी राहिली कीं त्या दिवसाची मजुरी बुडे. स्टिअरिंग कण्हूं लागल्यावर एका गॅरेजांत त्यांस पंप बदलण्यास सांगण्यांत आलें. त्यांनीं उसने पैसे काढून जुन्या बाजारांतला पंप बसवून घेतला, आणि तीन आठवड्यांत पहिल्याहून मोठा आवाज सुरू झाला. नंतर त्यांनीं गाडी गल्लींतल्याच एका वयस्क मिस्त्रींकडे आणली. मिस्त्रींनीं पान्यास हात लावण्यापूर्वीं विचारलें, "काका, तेल खालीं पडतं का?"

"थेंबसुद्धां नाहीं हो."

"आणि टाकींत कमी होतं?"

"तेंही नाहीं. म्हणून तर पंपावर संशय."

"कमी होत नाहीं आणि फेस येतो, मग पंप बिचारा काय करील?" असें म्हणून मिस्त्रींनीं इंजिन चालू ठेवलें, आणि टाकीखालच्या शोषनळीच्या तोंडाशीं त्याच तेलाचे चार थेंब सोडले. थेंब आंत ओढले गेले, आणि आवाज क्षणभर स्पष्ट उतरला. नळी उष्णतेनें लाकडासारखी कडक झाली होती. तिच्यावरील क्लिप आवळलेली दिसे, पण पकड उरली नव्हती. तेलास टिकणारी वीतभर नवी नळी व दोन क्लिपा, एवढाच सगळा खर्च. पहिला पंप सुदैवानें घरींच पडला होता. तो उघडून पाहिला तों पातीं व पोकळी दोन्ही गुळगुळीत! नवें सील घालून तोच परत बसविला. मधल्या पंपास मात्र तीन आठवडे फेस पचवावा लागला होता. त्याच्या पोकळीवर ओरखडे उमटले होते. पहिल्या गॅरेजवाल्यांस लबाड म्हणण्याचें कारण नाहीं. आवाज पंपांतूनच येत होता, एवढें त्यांनीं खरें ऐकलें.

नळी बदलून काम संपत नाहीं. आंत कोंडलेली हवा काढावी लागते. गाडी सपाट जागीं घेऊन मागच्या चाकांस उटी लावावी, पुढचीं चाकें जॅकनें उचलावीं, आणि गाडी लोखंडी घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं हात घालूं नये. इंजिन बंदच ठेवून टाकी खुणेपर्यंत भरावी, व स्टिअरिंग या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळां फिरवावें. टाकींत बुडबुडे वर येतात, तेल खालीं उतरतें. तें भरीत जावें. बुडबुडे थांबले कीं मग इंजिन सुरू करून मंद चालीवर तेंच करावें, मात्र टोंकाशीं धरून ठेवूं नये. येथें घाई करणारे लोक इंजिन आधींच सुरू करतात. पंप त्या हवेचा लोण्यासारखा फेस करून ठेवतो, आणि मग तो बसण्यास तासभर वाट पाहण्यावांचून गत्यंतर नसतें. तेल काळें पडलें असेल किंवा त्यास करपट वास येत असेल, तर परतनळी सोडून जुनें तेल बाहेर काढावें व नवें भरावें. टाकींत बारीक जाळी असते. ती गाळानें बुजली तरी पंपास ओढ पडते आणि हुबेहूब तसाच आवाज येतो. पुष्कळ गाड्यांत जाळी वेगळी निघत नाहीं, टाकीच बदलावी लागते. टाकी पंपापेक्षां पुष्कळ स्वस्त असते.

तेल कोणतें घालावें हें पुस्तिकेंत व बहुधा झांकणावरच लिहिलेलें असतें, आणि तेथें स्वतःची बुद्धि चालवूं नये. कित्येक गाड्यांस ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचें तांबडें तेल चालतें. कांहीं जर्मन गाड्यांस हिरवें कृत्रिम तेल लागतें. दोहोंची मिसळ करूं नये. रंगावरूनही निर्णय घेऊं नये, कारण रंग हा कारखानदाराच्या मर्जीचा भाग आहे. ब्रेकचें तेल तर चुकूनही घालूं नये. तें निराळ्या रसायनाचें असल्यामुळें स्टिअरिंगचीं सीलें त्यांत खराब होतात, आणि मग पंपापासून रॅकपर्यंत सगळें उघडण्याची पाळी येते.

या सर्व खटपटीचें खरें प्रयोजन गल्लींत नसून घाटांत आहे. आमच्या भागांतील पुष्कळ गाड्या दर शनिवारीं-रविवारीं लोणावळा-खंडाळ्याकडे धांवतात. आवाज करणारा सैल पट्टा तेथें तुटला, किंवा कण्हणाऱ्या पंपानें तेथें दम सोडला, तर स्टिअरिंग वळतें खरें, कारण दांडा व चाकें यांचा लोखंडी संबंध कायम असतो. परंतु तें एकाएकीं इतकें जड होतें कीं, सवय नसलेला मनुष्य तें अडकलें असें समजून हात सैल सोडतो. ॲम्बॅसडरच्या चालकास जड स्टिअरिंगची संवय होती, आणि त्याच्या गाडीचे दांतेही त्या हिशेबानें ठेवलेले असत. पॉवर स्टिअरिंगच्या गाडींत चक्राचे फेरे कमी ठेवतात, म्हणून मदत सुटल्यावर ती जुन्या गाडीहूनही जड लागते. डिझेल वांचविण्यासाठीं उतारावर इंजिन बंद करणारे चालक अजून आढळतात. त्यांचा पंप त्याच क्षणीं थांबतो, आणि दोन-तीन वेळां पाय दाबल्यावर ब्रेकची मदतही संपते. असा प्रसंग आलाच तर दोन्ही हातांनीं चक्र घट्ट धरावें, ब्रेक एकदां दाबून तसाच धरून ठेवावा, पुन्हां पुन्हां सोडूं नये, आणि गाडी कडेस आणावी.

राहतां राहिला जुन्या तेलाचा प्रश्न. गॅरेजाबाहेरच्या गटारांत तें ओतून देण्याची चाल थेरगांवांतही आहे. तें गटार पवनेस मिळतें, आणि पवना दापोडीस मुळेला मिळते. टाकाऊ तेल अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच गेलें पाहिजे, असा २०१६ चा केंद्र सरकारचा नियम आहे. इंजिनाचें जुनें तेल जेथें पिंपांत सांठवून पुढें देतात अशा गॅरेजांत आपला लिटरभर ऐवज सहज घेतात. तोंवर तें झांकणाच्या डब्यांत भरून वर चिठ्ठी लावावी. सरबताच्या किंवा खाण्याच्या तेलाच्या रिकाम्या बाटलींत मात्र भरूं नये. तांबड्या रंगामुळें लहान मुलांस तें सरबत वाटतें.